काकवीवरचा कर आणि एक मत

शिक्षणानं मी नागपूरचा मेकॅनिकल इंजिनिअर, पण आयुष्यातलं सगळ्यात मोठं पद मला मिळालं ते रिटायर झाल्यावर. मी अमेरिकेच्या अगदी पहिल्या काँग्रेसचा सभासद झालो. काँग्रेस म्हणजे इथली संसद. पगार शून्य, डबा घरचा, सोमवारी सुट्टी. हसू नका. या पदासाठी मी जेवढा घाम गाळला तेवढा बॉयलरच्या कारखान्यातही गाळला नव्हता, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे तो लोकरीचा कोट.

सगळं नीट सांगतो. नोकरीची वर्षं आम्ही बोस्टनजवळच्या श्रूजबरीत काढली. मुलगा तिथेच स्थिरावला, आणि मी अन् माझी बायको शालिनी शेजारच्या एका लहान गावात राहायला आलो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. गावातले लोक दिवाळी अंक वाचत नाहीत, पण त्यांच्यातल्या दोघातिघांच्या सुना मराठी आहेत. तर रिटायर झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी शालिनीचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून दिले. मग वापराप्रमाणे लावून दिले. तिसऱ्यांदा हात लावायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुम्ही कुठेतरी जा. कुठेही जा. पण रोज जा."

गावात एकच बघण्यासारखी जागा होती, ब्रॅम्बल हाउस. ऑनरेबल हेझेकाया ब्रॅम्बल यांचं घर. हे गृहस्थ इथल्या एका चांभाराचे चिरंजीव. आधी शाळामास्तर, मग वकील, आणि देश नवा कोरा असताना पहिल्या काँग्रेसवर निवडून गेले. त्यांचं नाव इतिहासाच्या पुस्तकात तुम्हाला सापडणार नाही. न्यूयॉर्कला जाऊन बसले, काकवीवर भाषण केलं, परत आले, दात पडले, वारले. घर गावाच्या मालकीचं झालं. त्याचं संग्रहालय केलं होतं आणि ते चालवायची डोरोथी नावाची एक रिटायर्ड शाळा-लायब्ररियन. बाई उंच, आवाज बारीक, अन् नजर अशी की तिच्यासमोर माणूस आपोआप कुजबुजायला लागतो.

डोरोथीनं मला आधी गाड्या पार्क करायला लावलं. ते काम मी इतकं मन लावून केलं की लोक पार्किंगला घाबरू लागले. तेवढ्यात ब्रॅम्बलसाहेबांची भूमिका करणारा माणूस पाठदुखीनं फ्लोरिडाला निघून गेला. साहेबांचा टोप, म्हणजे पांढऱ्या केसांचा तो विग, डोरोथीनं गावातल्या एकूणएक स्वयंसेवकाच्या डोक्यावर घालून पाहिला. कुणाच्या कानांवर यायचा, कुणाच्या डोक्यावर नुसता ठेवल्यासारखा दिसायचा. माझ्या टकलावर मात्र तो असा बसला, की शालिनी बघतच राहिली. "लग्नात एवढे केस असते तर माझ्या वडिलांनी आढेवेढे तरी घेतले नसते," म्हणाली.

कमिटीतले एक सद्गृहस्थ जरा चुळबुळले. माझ्याकडे बघत अतिशय सभ्यपणे म्हणाले, "लोकांचा गोंधळ नाही का होणार?" डोरोथी म्हणाली, "गोंधळलेली माणसं जास्त नीट ऐकतात." झालं. मी निवडून आलो.

आता या धंद्याची रीत सांगतो. आम्ही गाईड नव्हतो. गाईड म्हणतो, 'इथे ब्रॅम्बल राहायचे.' आम्ही म्हणायचं, 'या, मी ब्रॅम्बल.' एक ठरलेला दिवस असतो. आमचा दिवस शरद ऋतूतला. काँग्रेसची न्यूयॉर्कमधली बैठक आटोपलेली, पुढची फिलाडेल्फियात भरायची, आणि मधल्या सुट्टीत साहेब घरी आलेले. त्या दिवसानंतरचं काहीही साहेबांना ठाऊक नाही. आगगाडी नाही, वीज नाही, आणि आपण कधी मरणार हे तर नाहीच नाही. डोरोथीचे नियम कडक होते. भूमिकेतून बाहेर यायचं नाही, साहेबांनी जे केलं त्याबद्दल खोटं बोलायचं नाही, अन् त्यांच्या वतीनं माफीही मागायची नाही. "ते जसे होते तसे लोकांसमोर उभे करायचे. पुढचं लोक बघून घेतील."

वाचायला सोपं वाटतं. जुलै महिन्यात लोकरीचा कोट, गुडघ्याशी बटणं लावायची विजार आणि लांब पांढरे मोजे घालून पेटत्या चुलाण्याशेजारी उभं राहून बघा! बूट तर असे, की डावा-उजवा हा प्रकारच नाही. तेव्हा तसेच शिवायचे म्हणे. चांभाराच्या पोराला निदान एवढं तरी कळायला हवं होतं, असं मी रोज संध्याकाळी पाय चोळताना म्हणायचो.

आणि गिऱ्हाइकं! लोकांना वाटतं, माणसं येऊन राज्यघटनेबद्दल विचारत असतील. कप्पाळ! पहिला प्रश्न नेहमी एकच, संडास कुठे आहे? फोटो काढणाऱ्यांना मी विचारायचो, "हा काळा आरसा आपण सारखा का बघता, चेहऱ्यावर काही लागलंय का?" एका पोरानं माझ्या गुडघ्याला बोट लावून विचारलं, "तुम्ही मेलेले आहात का?" मी म्हटलं, "अजून तरी नाही, बाळ. पण मार्चमधला खोकला फार वाईट होता." दर महिन्याला एक गृहस्थ यायचे ते फक्त माझी बटणं तपासायला. भिंगातून बघून म्हणायचे, "ही त्या काळातली नाहीत." मी म्हणायचो, "तक्रार माझ्या पत्नीकडे करावी, शिवणटिपण तिच्याकडे आहे." एका बाईंनी तर माझे हात हातात घेतले. म्हणाल्या, "तुमचे उच्चार किती अस्सल! त्या काळी इथे असंच बोलत असतील ना?" नागपूरच्या धरमपेठेतल्या शाळेत देशपांडे सरांकडून शिकलेलं माझं इंग्रजी! सर असते तर तिथल्या तिथे रडले असते.

माझा हुकमी एक्का म्हणजे काकवीचं भाषण. इकडे तेव्हा साखर महाग आणि काकवी स्वस्त. गरिबाच्या पेजेत काकवी, उसळीत काकवी, आणि दारू गाळायची तीही काकवीचीच. नव्या सरकारनं ठरवलं, बाहेरून येणाऱ्या काकवीवर कर बसवायचा. आमचे साहेब पेटून उठले. उभ्या आयुष्यात त्यांनी केलेलं ते एकच मोठं भाषण. मी ते एका हातात काकवीचा बुधला धरून म्हणायचो. विरोधातले तेवढे उभे राहा, असं सभागृहात म्हटल्यावर साहेब उभे राहिले. मोजणी झाली, साहेबांची बाजू पडली. कर बसलाच.

मुलं हमखास विचारायची, "मग हरलात तर सांगता कशाला?" त्याचं उत्तर मी स्वतःच बसवलं होतं, आणि डोरोथीनं ते चालवून घेतलं होतं. बुधला खाली ठेवायचा, छाती पुढे काढायची आणि म्हणायचं, "हरलो, पण मोजणाऱ्याला माझ्यासमोर थांबावं लागलं. मला मोजल्याशिवाय त्याला पुढे जाता आलं नाही. चांभाराचा मुलगा आहे मी. माझ्या बापाला कुणी कधी मोजलं नव्हतं." मोठी माणसं मान डोलवायची. पोरं काकवी चाटायला मागायची.

आपली मंडळी आली की मात्र माझी पाचावर धारण बसायची. उन्हाळ्यात मुलांकडे आलेले आईवडील घेऊन लोक बोस्टनला जातात आणि परतताना 'जवळच आहे' म्हणून आमच्याकडे डोकावतात. एकदा फ्रिस्कोहून एक कुटुंब आलं. मुलगा, सून, आणि अमरावतीचे आजोबा. आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुनेला म्हणाले, "हा माणूस आपल्याकडचा हाय. पैज लाव."

"बाबा, हळू बोला. ही इज ॲन ॲक्टर," सून म्हणाली.

"ॲक्टर असन. पण वऱ्हाडाकडचा हाय." मग थेट माझ्याकडे वळले. "काहून हो, घाम किती येऊन राह्यला तुमाले! त्या टोपात उंदीर गिंदीर तर नाही ना?"

मी इंग्रजीत म्हटलं, "महाशय, आपली भाषा मला अवगत नाही. आपण स्पेनहून आलात का?" ओठ आतून चावत होतो. आजोबांनी काठी टेकली, ती सरकली, आणि स्टुलावरचं कायद्याचं जाडं पुस्तक धपकन खाली आलं. मी मागे सरलो तर माझा बूट त्या पुस्तकाला लागला. आणि मग काय होणार? मी पटकन वाकलो, पुस्तकाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, डोळे मिटले. सगळं डोक्यात प्रकाश पडायच्या आत.

"पकडला!" आजोबांनी अशी टाळी वाजवली की चुलाण्यापाशी उभी असलेली डोरोथी दचकली. "अरे, पुस्तकाले पाय लागला की नमस्कार करते हा! कोन्त्या गावचा अमेरिकन हाय हा? बोल, कोन्त्या गावचा?"

मी काय बोलणार, नियम म्हणजे नियम. म्हटलं, "आमच्या घराण्यात विद्येचा मान राखण्याची पद्धत आहे." जाताना आजोबांनी माझ्या हातात रुमालात बांधलेल्या दोन शंकरपाळ्या ठेवल्या आणि डोळा मारला. संध्याकाळी डोरोथीनं विचारलं, ते काय होतं. मी सांगितलं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "राहू दे. हेझेकायालाही आवडलं असतं."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिची सुरुवात माझ्या नातीनं केली.

ईरा तेव्हा श्रूजबरीच्या शाळेत होती. वर्गाची सहल आमच्याकडे आली. त्या वयात आजोबा टोप घालून काकवीवर भाषण करतात हे मैत्रिणींना कळणं म्हणजे जगबुडीच. त्यामुळे ती मला ओळखतच नाही अशा थाटात मागे उभी होती. मीही ओळख दाखवली नाही. भाषण झालं, पोरं हसली. मग मागून हात वर आला.

"मिस्टर ब्रॅम्बल, तुमच्या काँग्रेसनं नागरिक कुणाला होता येईल त्याचाही कायदा केला ना?"

"केला, मिस." खरंच केला होता. पहिल्याच काँग्रेसनं.

"त्यात लिहिलंय, फ्री व्हाइट पर्सन. म्हणजे फक्त गोरा माणूस. तुम्ही बाजूनं होतात?"

"होतो."

"मग माझ्या आजोबांना नागरिक होता आलं असतं का?"

ती माझ्या डोळ्यांत बघत होती आणि मी तिच्या. खोटं बोलायचं नाही, माफी मागायची नाही. टोपाखालून घामाचा एक ओघळ नाकावर आला.

"नाही, मिस. नसतं आलं."

"का?"

याचं उत्तर डोरोथीनं दिलेल्या कागदांत कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "कारण त्या दिवशी सभागृहात हा प्रश्न विचारायला तुम्ही नव्हतात." हे ब्रॅम्बलसाहेब बोलले की मी, देव जाणे.

रविवारी मुलाकडची सगळी आमच्याकडे जेवायला आली. पुरी तोडता तोडता ईरा म्हणाली, "आजोबा, यू वर गुड. पण एक सांग, तेव्हा दे वुडन्ट लेट यू. आता लेट करतात. मग तू का नाही झालास?"

वाचकहो, ही मेख आता सांगतो. मी, अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसचा सभासद, अमेरिकेचा नागरिक नव्हतो. ग्रीन कार्डवर उभी नोकरी केली, कर भरले, पण शपथ काही घेतली नाही. शालिनीनं कधीच घेतली होती. मी म्हणायचो, परतच जायचंय ना, मग कशाला? आधी मुलाचं शिक्षण होऊ दे म्हणालो, मग घराचे हप्ते, मग पेन्शन. नागपूरचा फ्लॅट विकून टाकला तरी मी परतच चाललो होतो. खरं कारण सांगू? भीती वाटायची. तो निळा पासपोर्ट, त्यावरचे सिंह. तो हातातून गेला की मी कुठला, या प्रश्नाला उत्तर उरणार नाही असं वाटायचं. नातीला मी म्हटलं, "श्रीखंड घे." ती म्हणाली, "दॅट्स नॉट ॲन आन्सर." शालिनी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "दोन शतकांपूर्वीच्या माणसाची बाजू मांडता रोज उठून. स्वतःची विचारली की श्रीखंड!"

त्याच वर्षीच्या वसंतात ब्रॅम्बल हाउसवर संकट आलं. छत गळत होतं, शाळेचंही गळत होतं, आणि गावाकडे एकाच छताची सोय होती. दातांच्या एका डॉक्टरनं घर विकत घ्यायची तयारी दाखवली. ज्या माणसाच्या तोंडात शेवटी एकही दात राहिला नव्हता, त्याच्या घरात दातांचा दवाखाना! विषय टाउन मीटिंगमध्ये जाणार होता.

टाउन मीटिंग म्हणजे आपली ग्रामसभा. पण इथे ती खरोखर भरते. शाळेच्या जिमखान्यात खुर्च्या मांडतात, आणि गावातला प्रत्येक मतदार स्वतः जाऊन बोलतो. दाराशी यादीत नाव बघून हातात एक हिरवं कार्ड देतात, मत देताना ते वर करायचं. मोजणारे रांगारांगांतून फिरून कार्डं मोजतात. असं दर वसंतात चालतं, ब्रॅम्बलसाहेबांच्याही आधीपासून.

डोरोथी म्हणाली, "मुकुंद, पूर्ण पोशाखात ये. तू मत द्यायला कार्ड वर केलंस की अर्धा हॉल आपल्या बाजूला येईल."

"डोरोथी," मी म्हटलं, "मला मत नाही."

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. इतकी वर्षं ती मला रागावत होती, पण त्या दिवशी रागावली नाही, नुसती बघत राहिली. मला ते जास्त लागलं. "टोप तरी घालून ये," म्हणाली.

मी गेलो. टोप, कोट, मोजे, सगळं घालून. दाराशी यादीवाल्या बाईंनी हसून विचारलं, "नाव?" मी म्हटलं, "यादीत नाही." त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. दोरी बांधून वेगळ्या काढलेल्या खुर्च्या. तिथे मतदार नसलेल्यांनी बसायचं. शाळेची पोरं, वार्ताहर, कुणाची तरी पाहुणी आलेली सासू, आणि ऑनरेबल हेझेकाया ब्रॅम्बल. शालिनी हिरवं कार्ड घेऊन समोरच्या रांगेत बसली. वळून माझ्याकडे बघायची अन् पदर नीट करायची. तिला हसू येत होतं की रडू, ते पदराआड कळत नव्हतं.

विरोधी बाजूला फ्रँक होता. बर्फ उपसायचा ट्रक चालवतो. माणूस सज्जन. दर हिवाळ्यात न सांगता आमच्या दारातलं बर्फ काढून जायचा. तो म्हणाला, "मला ते घर आवडतं. माझ्या पोरांना तिथे काकवी मिळाली आहे. पण शाळेत बादल्या लावल्यात. मुलं बादल्यांमधून वाट काढत वर्गात जातात." काय चुकीचं बोलला? काहीच नाही. त्याच्याविरुद्ध बोलायला मला माझाच राग येत होता.

मतदार नसलेल्याला बोलायचं असेल तर सभेची परवानगी लागते. सभाध्यक्षांनी विचारलं, सगळे 'आय', म्हणजे 'हो', म्हणून ओरडले. त्यांना करमणूक हवी होती. मी उभा राहिलो, बुधल्याशिवाय काकवीचं भाषण केलं, आणि हॉल हसला, टाळ्याही पडल्या. तेव्हा फ्रँक हसत हसतच म्हणाला, "अध्यक्षमहोदय, साहेबांना विचारा, आज त्यांचं स्वतःचं मत कोणत्या बाजूला?"

"मला मत नाही," मी म्हणालो.

लोक आणखी जोरात हसले. त्यांना वाटलं, हा भूमिकेतलाच विनोद, साहेब मेलेले आहेत म्हणून. मग त्यांची नजर दोरीकडे गेली. मी कुठे उभा आहे ते दिसलं. हसू पुढच्या रांगेपासून विरत मागच्या भिंतीपर्यंत गेलं. फ्रँकनं टोपी काढली आणि खाली बसला. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. डोरोथीनं मात्र ती वेळ साधली. उठून म्हणाली, "विषय पुढच्या वर्षीच्या सभेपर्यंत तहकूब करावा." तहकुबी मंजूर झाली.

घरी येताना लाल दिव्यापाशी मी म्हटलं, "शालू, तो अर्ज कुठे मिळतो?" ती म्हणाली, "तुमच्या मसाल्याच्या डब्यांमागे ठेवलाय. कधीपासून ठेवलाय." दिवा हिरवा झाला तरी तिनं गाडी हलवली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले.

अर्ज, बोटांचे ठसे, मुलाखत. मुलाखतीतल्या अधिकाऱ्यानं विचारलं, काँग्रेसची दोन सभागृहं कोणती? मी उत्तर दिलं आणि सवयीनं काकवीपर्यंत पोचलो. तो म्हणाला, "सर, एवढं पुरे." शपथेच्या दिवशी हात वर केला तेव्हा शेजारी एक ब्राझीलचा सुतार होता आणि एक हैतीची नर्स. तिघंही रडलो. मी सगळ्यात मोठ्यानं. ती नर्स मला टिश्यू देत राहिली. नंतर भारतीय पासपोर्ट रद्द होऊन आला. शालिनीनं तो देवघरात ठेवला. मी काढून कपाटात ठेवला. तिनं परत देवघरात ठेवला. तिथेच आहे. मी कुठला, या प्रश्नाचं उत्तर अजूनही चुटकीसरशी देता येत नाही. पण ते पासपोर्टात नव्हतं, एवढं कळलं. असतं तर त्याच्याबरोबर गेलं असतं.

आणि पुन्हा वसंत आला, पुन्हा जिमखाना. मी पुन्हा पूर्ण पोशाखात. यादीवाल्या बाईंनी विचारलं, "नाव?" मी नाव सांगितलं, आडनावाचं स्पेलिंग सांगितलं, परत सांगितलं. त्यांचं बोट यादीवरून खाली खाली सरकत थांबलं. हातात हिरवं कार्ड आलं. यंदा दोरीपलीकडच्या खुर्चीवर ईरा बसली होती. मतदानाचं वय नव्हतं ना अजून! माझ्याच गेल्या वर्षीच्या खुर्चीवर. ओळख दाखवत होती, दोन्ही हात हलवून. मैत्रिणीही बरोबर होत्या.

चर्चा झाली. फ्रँक बोलला, डोरोथी बोलली. मी बोललो नाही. सभाध्यक्ष म्हणाले, "विकायच्या बाजूचे." कार्डं वर झाली. खूप झाली. मला तिथेच कळलं. मग म्हणाले, "विरोधातले."

आणि माझ्या हातातलं कार्ड पडलं. घामेजलेला हात आणि ती लेस लावलेली बाही. कार्ड खाली पडलं, उचलायला उठलो तर माझा तो डावा-उजवा नसलेला बूट त्याच्यावर पडला. मी वाकलो. कार्ड उचललं, कपाळाला लावलं, डोळ्यांना लावलं. मग वर धरलं.

शेजारी बसलेल्या फ्रँकनं हळूच विचारलं, "हे काय होतं?"

"आमच्या घराण्याची पद्धत," मी म्हणालो.

मोजणारी मुलगी रांगेतून येत होती. बोट पुढे करून, ओठ हलवत. माझ्यासमोर आली, टोप बघून किंचित हसली, बोट माझ्या कार्डाकडे केलं, ओठांतल्या ओठांत एक आकडा म्हणाली आणि पुढे गेली.

आम्ही हरलो. थोडक्यात नाही, चांगलेच हरलो. शाळेचं छत होणार म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगतो, थोड्या मीही वाजवल्या. डोरोथी ताठ बसून राहिली. मग नाक पुसून म्हणाली, "टोप तुझ्याकडेच ठेव. दुसऱ्या कुणाला बसत नाही." दातांचा डॉक्टर येऊन भेटला, चुलाण्यावरची साहेबांची तसबीर हलवणार नाही म्हणाला, आणि माझ्या दातांकडे जरा जास्तच वेळ बघून गेला.

दोरी ओलांडून ईरा धावत आली. तिचे डोळे भरले होते. "आजोबा, वुई लॉस्ट! तू हसतोयस काय?"

"हरलो गं," मी म्हटलं. टोप काढला आणि तिच्या डोक्यावर घातला. तो तिच्या नाकापर्यंत आला. "पण ती मोजणारी मुलगी माझ्यासमोर थांबली होती. पाहिलंस ना तू?"

टोपाखालून आवाज आला, "हो. पाहिलं."